नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या गाईडदादांना मनापासून धन्यवाद

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

जानेवारीतल्या रविवारी दोन मुलांना घेऊन आलेलं आमचं नाशिकचं कुटुंब तुमच्या लक्षात असेलच असं नाही. सुट्टीच्या दिवशी तुमच्याकडे केवढी गर्दी असते! आमच्या घरात मात्र अजून रोज तुमचा विषय निघतो, म्हणून हे पत्र.

थंडी कडाक्याची होती. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागांत शेकोट्या पेटवतात. वाटेत तो धूर दिसला आणि धाकट्याने "घरी चला"चा धोशा लावला. घरी राहिलो असतो तर गोधडीत लोळणं आणि रिमोटवरून मारामाऱ्या, यातच दिवस गेला असता.

पक्षी बघायच्या टॉवरवर पोचलो तेव्हा त्याची बोटं इतकी गारठली होती की तो दुर्बिणीला हात लावेना. तुम्ही स्टँड खाली करून त्याच्या उंचीला आणलंत, स्वतः फोकस लावलात आणि म्हणालात, "हात खिशातच ठेव. डोळा फक्त इथं लाव." मग पठ्ठ्या तिथून हलेना. चमच्यासारख्या चोचीने पाणी चाळत जाणारा थापट्या, कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी, नारंगी चक्रवाक. ही चक्रवाकं लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात हे ऐकल्यावर थोरल्याने वहीच बाहेर काढली.

आणि धाकट्याचा तो प्रश्न! "यांचे पाय गार पडत नाहीत का?" आम्ही मोठी माणसं हसलो. तुम्ही हसला नाहीत. उकिडवे बसलात, त्याच्या स्वेटरच्या बाहीवर दोन बोटं शेजारी-शेजारी फिरवलीत, एक खाली, एक वर. अंगातलं गरम रक्त पायाकडे जातं आणि पायातलं गार रक्त वर येतं, तेव्हा गरम रक्त वाटेतच गार रक्ताला ऊब देतं. त्यामुळे पाय गार राहिले तरी पक्ष्याचं अंग गारठत नाही. पाच वर्षांच्या पोराला हे समजलं, दादा. संध्याकाळी त्याने आजीच्या हातावर तश्शीच बोटं फिरवून तिला समजावलं.

गोदावरी-कादवेच्या संगमावरचा बंधारा, त्यामागे साचलेल्या गाळातून तयार झालेली बेटं, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेला मान, हे मी वाचलेलं होतं. पण आसपासच्या गावांतलीच तरुण मुलं गाईड होऊन हे पाणी आणि पक्षी इतक्या मायेने दाखवतात, याचं मोल मला त्या दिवशी कळलं. तुमच्या कामाला मिळते त्याहून कितीतरी जास्त दाद मिळायला हवी, असं अगदी मनापासून वाटतं.

आमच्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा तुम्ही आनंदाने खाल्लात, ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाहीत. त्याबद्दलही आभार.

हरभऱ्याच्या शेतात उतरणारे क्रौंच त्या दिवशी हुकले. फेब्रुवारीत आजीला घेऊन पुन्हा येतोय. तिला टॉवरच्या पायऱ्या जमणार नाहीत, तेव्हा बांधावरून दिसतील अशी एखादी जागा बघून ठेवा. तुमच्यासोबतच फिरायचं, हे मुलांनी आधीच ठरवून टाकलंय.

आपली,
दोन्ही मुलांची आई