खेळात नामदेव दर वेळी मरतो

लेस्टर
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिग्या,

तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, सुमाची मान आता दुखत नाही. काकूंच्या मोतीबिंदूचं वसूकडून कळलं, नीट पार पडलं हे ऐकून बरं वाटलं. हे सगळं फोनवरही झालं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे प्रकरण लांबलचक आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाच. मध्येच कुठं ‘काय पोरकटपणा’ म्हणशील ते मला इथं ऐकू येणारच आहे.

एप्रिलमध्ये मी आमच्या एअरसॉफ्टमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्यांच्या लुटुपुटीच्या लढाईत, सेनिओ करतोय, दुसऱ्या महायुद्धातली इटलीच्या सेनिओ नदीवरची लढाई. होय, तुझ्या आजोबांची, आबांची सेनिओ.

तुला या खेळाची चीड आहे, ठाऊक आहे मला. मंग्याच्या लग्नात भर पंगतीत म्हणाला होतास, “तिथं माणसं मेली आणि तुम्ही प्लॅस्टिकच्या गोळ्या मारत बसता.” ताटात जिलबी होती म्हणून मी गप्प बसलो. उत्तर आज देतो. दिवाळीच्या किल्ल्यावर, बालेकिल्ल्याच्या दारात, आबांचं इटली स्टार मेडल खिळ्यानं ठोकलं होतं कोणी? आणि मार कोणी खाल्ला? तेव्हा तू गप्प बैस.

इथली मंडळी वर्षानुवर्षं नॉर्मंडी, आर्नेम आणि बास्तोन्येच खेळत आलीत. इटली म्हटलं की फार तर मोंते कसिनोची लढाई. तिथं आपल्या तीन डिव्हिजन लढल्या, चौथी, आठवी, दहावी, पन्नास हजारांच्या आसपास माणूस तिकडं लढायला गेला आणि पावणेसहा हजार तिथंच राहिले, हे सांगितलं की सगळे नम्रपणे मान डोलावतात आणि बेकन रोल घ्यायला जातात. म्हणून म्हटलं, एकदा आपणच घडवून आणू.

आधी यशवंतराव घाडग्यांचा प्रसंग मनात होता. १० जुलै १९४४, टायबरचं वरचं खोरं. माणगावचा पुतळा आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण सेक्शन सगळी पडल्यावर त्यांनी एकट्यानं जाऊन मशीनगनवर बॉम्ब टाकला, एकाला टॉमी गननं टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना उलट्या बंदुकीनं हाणलं. आमच्याकडे कोणाच्या अंगाला बोट लावायची बंदी. विम्याचा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. म्हणून ते राहिलं, आणि नामदेव जाधवांची सेनिओ घेतली, ज्यांना तिथल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

जागा मिळाली ती एका शेतकऱ्याच्या रानात. मधून पाण्याचा चर जातो, दोन्ही बाजूंना मातीचे बांध. आबा सेनिओला नदी म्हणायचेच नाहीत, आठवतं? “वढा व्हता रं.” आपला केवढा हिरमोड व्हायचा! व्हिक्टोरिया क्रॉस आणि तो ओढ्यावर? आपल्याला ऱ्हाइन हवी होती, निदान कृष्णेएवढी तरी. आता पदकाचा मूळ मजकूर काढून वाचला तर आबा शब्दाला पक्के निघाले. सान पोलितोच्या उत्तरेला सेनिओची रुंदी पंधरा फूट, पाणी चार ते पाच फूट. मात्र दोन्ही अंगांचे बांध तीस-पस्तीस फूट उंच आणि जवळजवळ उभे. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी बिळं खणलेली. हे आबांनी कधी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि आपण उठून क्रिकेटला गेलो असू.

कागदावर मला एक गोष्ट कळतच नव्हती. पूर्वेचा बांध आपल्या एका कंपनीनं घेतला होता. तीनच मिनिटांनी त्यांच्यामधून दुसरी कंपनी पुढं गेली, नदीत उतरली, पलीकडं चढू लागली. मग त्यांना मारलं कोणी? परवा चरात उतरून मार्शलांबरोबर, म्हणजे खेळाच्या पंचांबरोबर, पांढरी पट्टी लावत होतो तेव्हा मागं वळून पाहिलं आणि लख्ख दिसलं. जर्मन ठाणी पूर्वेच्याच बांधाच्या नदीकडच्या उतारावर होती. म्हणजे जो बांध ओलांडून आलो त्याच्याच पोटातून पाठीत गोळ्या. कंपनी कमांडर आणि दोघं जखमी, जवळची बाकीची सगळी ठार, उभा एक नामदेव. आणि जखमींना मागं न्यायचं म्हणजे ज्या बिळांतून गोळ्या येताहेत त्याच बांधावर, सुरुंगांच्या पट्ट्यातून, पाठीवर माणूस घेऊन चढायचं. ते त्यांनी दोनदा केलं. आणि हुद्दा काय, तर कंपनीचा रनर. निरोप्या. कोणी हुकूमही दिला नव्हता.

आता तयारी थोडक्यात सांगतो, नाहीतर तुला वाटेल मी इथं रान मोकाट सोडलंय. सकाळी प्रत्येक बंदूक क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, तपासतो. ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० फुटांच्या वर गेली की बंदूक गाडीत परत. बोल्टच्या रायफलींना ५०० चालतं, पण त्यांनी तीस मीटरच्या आत कोणावर झाडायचं नाही. डोळ्यांवर चष्मा नसेल तर मैदानात पाय नाही. मॅगझिनमध्ये खऱ्याएवढ्याच गोळ्या, ली-एनफिल्डला दहा म्हणजे दहा. पोलिसांना आधी कळवावं लागतं, कारण रानातून पायवाट जाते आणि लोक कुत्री फिरवतात. मागच्या खेपेला एका आजीबाईंनी कुंपणापलीकडून विचारलं, “कोण जिंकतंय?” आमचा एक जर्मन हेल्मेट काढून अदबीनं म्हणाला, “अजून तरी आम्ही, मॅडम.”

आमची मराठा कंपनी बघशील तर आबा काठी घेऊन धावतील. मी, सोलापूरचा डॉक्टर, दोघं तमिळ भाऊ, आणि एक सरदारजी. सरदारजी म्हणतो मी मराठा होणार नाही, मला पंजाब पलटण पाहिजे. नाही म्हणायची सोय नाही, ३/१५ पंजाब, म्हणजे पंधराव्या पंजाब रेजिमेंटची तिसरी पलटण, खरोखरच मराठ्यांच्याच ब्रिगेडमध्ये होती. डॉक्टर नवा आहे. इथं २००६ च्या कायद्यानं नवख्याला खऱ्यासारखी दिसणारी बंदूक विकत मिळत नाही. नोंदणीसाठी तीन खेळ व्हावे लागतात, तेही निदान छप्पन्न दिवसांत पसरून. तोवर निम्म्याहून जास्त भाग भडक रंगाचा हवा. म्हणून आमच्या जंगी पलटणीत एक टॉमी गन आकाशी निळी आहे. तिला गोणपाट गुंडाळलंय. तरी निळी दिसतेच.

गोऱ्या पोरांपैकी एकानं भाबडेपणानं विचारलं, चेहऱ्याला काही फासायचं का? मी म्हटलं, बाबा, त्याच ब्रिगेडमध्ये पाचवी रॉयल वेस्ट केंट ही गोऱ्यांची पलटण होती, तू आपला केंटचा हो आणि तोंड धुऊन ये. ते मिटलं. हिटलरच्या एसएस दलाचे कपडे घालणाऱ्यांचं मिटायला वेळ लागला. एक टोळी दर खेळाला त्याच गणवेशात येते, कारण तो ‘छान दिसतो’. मी सांगितलं, सेनिओवर एसएस नव्हती. इटलीत त्यांची सोळावी डिव्हिजन होती, मार्झाबोत्तोत बायकापोरांना मारणारी, ती फेब्रुवारीतच हंगेरीकडं गेली. साध्या पायदळाचे कपडे घाला, नाहीतर घरी बसा. दोघं घरी बसले. बरंच झालं.

आता खरं दुखणं.

मागच्या रविवारी आम्ही नुसता नदीचा प्रसंग करून पाहिला. नियम साधे. हिट लागली की लाल फडकं डोक्यावर घेऊन खाली बसायचं. जखमीला न्यायचं तर दोन्ही हात त्याच्या अंगावर हवेत, म्हणजे नेणाऱ्याला गोळी झाडता येत नाही. आणि आबांच्या एका वाक्यावरून मी एक नियम घातला, पूर्वेच्या बांधामागं थांबलेल्या बाकीच्यांनी रनर वर उभा राहून हाक देईपर्यंत जागचं हलायचं नाही. “त्यो वर हुबा ऱ्हायला म्हून आमी उठलो,” एवढंच ना आबा बोलायचे? मजकुरात अगदी तसंच आहे. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, ती फेकून दिली, नुसत्या हातबॉम्बांनी आणखी दोन ठाणी संपवली, बॉम्ब संपले तर बांधाच्या माथ्यावर सरपटत जाऊन मागच्यांकडून आणखी घेतले. आणि मग माथ्यावर उभं राहून गर्जना, आणि हातानं बाकीच्यांना ‘या’.

आम्ही करून पाहिलं तर नामदेव मेला. रनर बदलला, तरी मेला. थोरला तमिळ भाऊ मॅरेथॉन पळतो, तो पहिल्या जखमीला घेऊन बांधाच्या मध्यावर मेला. सरदारजीला मिनतवारी करून एकदा मराठा केला, तो पाण्यातच मेला आणि वर म्हणाला, पंजाब असतो तर पोचलो असतो. दुपारपर्यंत हेच. आणि बांधामागं केंटची पोरं गवतावर बसून. एक जण झोपला.

तिथंच वाद पेटला. हेड मार्शल म्हणतो, रनरला तीन जीव द्या, एवढी चर्चा कशाला. जर्मनवाले म्हणतात, मग आम्ही काय नाटकातली झाडं आहोत? त्यांचंही बरोबर आहे. आणि मला तर ते ऐकताना आपलं वाड्यामागचं आठवत होतं. टिकल्यांचं पिस्तूल, तू पडलेला असायचास चारी मुंड्या चीत आणि तरी म्हणायचास, “चाटून गेली, चाटून गेली.” तुझ्या त्या चाटून जाण्यापायी बंड्यानं खेळणं सोडलं होतं. आता मी रीतसर नियम करून कोणाला तरी ‘चाटून गेली’चा परवाना देऊ?

पण नाही दिला तर? तिकीट काढून, केंटवरून गाडी हाकत आलेली पंचवीस माणसं दिवसभर बांधामागं बसणार. मग पैसे परत द्या म्हणणार.

नंतर घरी येऊन हिशोब मांडला. आमचे जर्मन पोटभर खाऊन, ताज्या बॅटऱ्या लावून बसलेले. विजेवरची बंदूक अडकत नाही आणि नुसतं बोट दाबायचं. खऱ्या जर्मनांवर त्या दुपारी आठशेच्या वर मोठी बॉम्बर विमानं येऊन गेली होती. मग तोफा, मध्येच थांबायच्या, हल्ला आला म्हणून ते वर यायचे की पुन्हा सुरू. त्यावर ज्वाळा फेकणारे रणगाडे. हल्ला संध्याकाळचा, वर धूर. बिळाच्या फटीतून त्याला दिसत तरी किती असेल? तेव्हा नामदेवला जीव वाढवून द्यायचे नाहीत, जर्मनांची नजर कमी करायची, असं माझ्या मनात येतंय. फळ्या ठोकून फट वीतभर करायची. धूर. जवळ बार उडाला की डोकं खाली घालून दहा मोजायचे. आणि खेळ दुपारी नाही, दिवेलागणीला. तरीही तो मेला तर मेला, मी नियम मोडणार नाही. हे मी इथं कोणाला सांगितलं तर म्हणतील, लोकांना पैशांचा मोबदला दे. आणि तू म्हणशील, जाधव १९८४ पर्यंत जगले, तू कोण त्यांना दर रविवारी मारणारा?

हाच कीडा डोक्यात आहे. कारण तो वर उभा राहिला नसता तर मागची कंपनी उठली नसती, किंवा उठून कापली गेली असती. त्या मागच्या कंपनीत आबा होते. म्हणजे नाना नाही, तू नाही, आणि माझ्या सायकलचे पैसे अकरावीत बुडवायला दुसरा कोणी तरी शोधावा लागला असता. मार्शलला हे कसं समजावू? त्याच्यासाठी तो बांधामागं गवतावर कंटाळलेल्या गिऱ्हाइकांचा प्रश्न आहे. मला आता हे कळायला हवंय की आबा तिथं बसले होते तेव्हा काय करत होते. किती वेळ बसले? नदीकडचं त्यांना काही दिसत होतं का, की नुसतं ऐकू येत होतं? बॉम्ब न्यायला नामदेव वर आले तेव्हा कोणी काही बोललं का? बांधामागच्या माणसांना मी नुसतं बसवणार नाही, जे आबांना करावं लागलं ते करायला लावेन. मग कोणी झोपणार नाही.

तू बारावीच्या सुट्टीत त्यांना टेपरेकॉर्डरसमोर बसवलं होतंस. अर्धी कॅसेट ते पेन्शन आणि कॅन्टीनच्या रमबद्दल बोलले, तेवढं मी ऐकलंय. दुसरी बाजू तू मला कधी ऐकवली नाहीस. आपलं भांडण झालं होतं ना तेव्हा, त्या ट्रिपच्या वर्गणीवरून. ती कॅसेट माळ्यावर असेल तर साताऱ्यात कोणाकडून तरी फोनवर उतरवून घे आणि पाठव. बुरशी आली असली तरी फेकू नकोस. आणि आबांच्या पे-बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो, कंपनीचं अक्षर दिसेल असे. काकूंना विचारूनच घे. त्या नको म्हणाल्या तर विषय संपला, मी काही वाईट वाटून घेणार नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? कोल्हापूर मिळालं तर घे, नागपूर नको. पोरीला दहावीला शुभेच्छा, तिला म्हणावं गणिताला बापाला विचारू नकोस. प्लॉटच्या केसमध्ये भाऊसाहेबांशी एकदा समोरासमोर बोल, वकिलाला मध्ये घालून बारा वर्षं काढशील. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
पम्या

ता. क. तुझा धाकटा मेहुणा नोकरीला बर्मिंगहॅमला आलाय म्हणे. उंची किती आहे त्याची? मधल्या मापाचा एक लोकरी बॅटलड्रेस उरलाय. अंगाला फार खाजतो हे त्याला आत्ताच सांगू नकोस.