समाजमाध्यमांचे धोरण कर्मचाऱ्यांसोबत बसून लिहावे

महोदय,

समाजमाध्यमांवरील एखाद्या पोस्टमुळे कर्मचाऱ्याला निलंबित केल्याच्या किंवा थेट घरी बसवल्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. त्यांवरील चर्चा बहुतेक वेळा त्या कर्मचाऱ्याच्या उतावळेपणापाशी किंवा वरिष्ठांच्या आडमुठेपणापाशी येऊन थांबते. काय लिहिलेले चालेल आणि काय चालणार नाही, हे त्याला कोणी आधी स्पष्टपणे सांगितले होते का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मनुष्यबळ विभागात काम करताना अशी धोरणे वाचण्याचा, त्यांतली काही लिहिण्याचा आणि त्यांवरून उद्भवलेल्या तक्रारी ऐकण्याचा योग आला. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

अनेक संस्थांमध्ये हे धोरण म्हणजे वकिलाकडून आलेला एक लांबलचक मसुदा असतो. नियुक्तिपत्राबरोबर त्यावर सही घेतली जाते आणि पुढे तो उघडला जातो तो थेट कारणे दाखवा नोटीस तयार करताना. 'संस्थेच्या प्रतिमेस बाधा येईल असा कोणताही मजकूर कर्मचाऱ्याने प्रसिद्ध करू नये,' हे त्यातले ठरलेले कलम. वाचताना ते रास्त वाटते. पण पगार उशिरा झाल्याची तक्रार, ग्राहकाच्या खासगी माहितीची वाच्यता, सहकारी महिलेवरचा अश्लील शेरा आणि संस्थेच्या एखाद्या निर्णयावरची प्रामाणिक नाराजी, या चारही गोष्टी त्यात सारख्याच बसतात. यांतल्या दोन गंभीर गैरवर्तनाच्या आहेत, तर दोन कोणत्याही जागरूक कर्मचाऱ्याने बोलाव्यात अशा आहेत. त्यांच्यात फरक न करणारे कलम अखेर वरिष्ठाच्या मर्जीवर चालते, आणि ज्याच्यावर मर्जी असते त्याला ते कधीच लागू होत नाही.

अमेरिकेतील 'नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्ड' या यंत्रणेच्या विधी प्रमुखांनी मे २०१२ मध्ये सात संस्थांच्या धोरणांची छाननी करणारा अहवाल काढला होता. सातपैकी सहा धोरणांतील काही ना काही कलमे त्यांना बेकायदा वाटली, कारण वेतन आणि कामाच्या परिस्थितीविषयी कर्मचाऱ्यांनी आपापसात बोलण्याच्या हक्कावरच ती गदा आणत होती. वॉलमार्टचे सुधारित धोरण तेवढे संपूर्णपणे ग्राह्य ठरले. अयोग्य मजकूर म्हणजे काय, तर भेदभाव करणारे शेरे, छळ, हिंसेच्या धमक्या, असे उदाहरणांसह त्यात लिहिलेले होते. या दाखल्यातून घेण्यासारखे तेच आहे. मनाई करायची तर नेमकी कशाची, हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले पाहिजे.

निरोप समारंभाचा एक फोटो माझ्या पाहण्यात आला होता. पुढे हसणारी माणसे आणि मागे संगणकाच्या पडद्यावर ग्राहकांची नावे, फोन क्रमांक आणि थकबाकी यांचा तक्ता, फोटो मोठा केला की सहज वाचता येईल इतका स्पष्ट. फोटो टाकणाऱ्याने 'गोपनीय माहिती उघड करू नये' हे कलम वाचलेले होते, त्याखाली त्याची सहीही होती. पण आपण तेच कलम मोडत आहोत, हे त्याच्या ध्यानातही आले नाही. 'कामाच्या जागी फोटो काढण्यापूर्वी मागचा पडदा, फळा आणि टेबलावरचे कागद पाहून घ्या' एवढे एक साधे वाक्य त्या धोरणात असते, तर बहुधा हा प्रसंगच आला नसता. अशी वाक्ये वकिलाला सुचत नाहीत, त्यात त्यांचा दोषही नाही. ती सुचतात रोज त्या टेबलावर बसणाऱ्याला, आणि म्हणूनच मसुदा करताना तो समोर असला पाहिजे. आयबीएमने २००५ मध्ये ब्लॉग लिहिणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखली, तेव्हा ती कर्मचाऱ्यांनीच एका सामायिक पानावर मिळून लिहिली होती. इतक्या मोठ्या कंपनीला हे जमले, तर लहान संस्थांना चार खात्यांतली माणसे एका दुपारी एकत्र बसवणे अवघड नसावे.

कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात संस्थेने किती डोकवावे, हा सर्वांत नाजूक भाग आहे. तुर्कस्तानात शिक्षण मंत्रालयाकडे कंत्राटी सफाई कामगार असलेल्या एका महिलेला फेसबुकवरील दुसऱ्यांच्या काही पोस्टना 'लाईक' केल्याबद्दल कामावरून काढण्यात आले होते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जून २०२१ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला आणि 'लाईक' करणे हे तो मजकूर स्वतः प्रसारित करण्याच्या तोडीचे मानता येणार नाही, असे नमूद केले. माझ्या मते वैयक्तिक खात्याबाबत धोरणाने मोजकेच बोलावे. संस्थेची किंवा ग्राहकांची गोपनीय माहिती तेथे येऊ नये, कोणाचा छळ होऊ नये आणि आपले मत संस्थेचे मत म्हणून मांडले जाऊ नये. त्यापलीकडे कोण कोणाला मत देतो, कशावर हसतो, कशावर चिडतो, हे पाहण्याचा अधिकार पगार देण्यातून मिळत नाही.

अधिकृत खात्याच्या बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको, आणि तेथेच ती सर्रास आढळते. ब्रिटनमधील एचएमव्ही या संगीतविक्री साखळीत ३१ जानेवारी २०१३ रोजी नोकरकपात सुरू असताना, नोकरी गमावणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हातीच कंपनीच्या ट्विटर खात्याचा ताबा होता. त्यांनी त्या खात्यावरूनच बैठकीचा वृत्तांत जगाला सांगितला. पासवर्ड कोणाकडे, तो एकाहून अधिक जबाबदार व्यक्तींकडे आहे का, माणूस सोडून गेल्यावर तो त्याच दिवशी बदलला जातो का आणि चुकीची पोस्ट गेली तर मध्यरात्री फोन कोणाला करायचा, एवढे तरी लेखी असावे.

संस्थेवर बंधन घालणारी कलमे तर मला अभावानेच दिसली आहेत. कार्यालयीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकराला आलेल्या सूचनेला लगेच उत्तर दिले नाही म्हणून सकाळी बोलणी खावी लागणे, संस्थेच्या जाहिराती आपल्या स्टेटसला ठेवण्याचा 'आग्रह' आणि कोणी ठेवल्या नाहीत याची नोंद, मुलाखतीच्या वेळी वैयक्तिक खाते उघडून दाखवण्याची मागणी, हे सारे कर्मचाऱ्याला मुकाट सोसावे लागते. अमेरिकेतील मेरिलँड राज्याने २०१२ मध्येच वैयक्तिक खात्यांचे पासवर्ड मागण्यास मालकांना कायद्याने मनाई केली होती. कायद्याची वाट न पाहता कोणतीही संस्था स्वतःच्या धोरणात हे लिहू शकते. खात्यांवर किंवा कार्यालयीन संगणकावर देखरेख ठेवायची असेल, तर ती किती आणि कशासाठी, हेही कर्मचाऱ्यांना आधी कळवले पाहिजे.

चुकीला शिक्षा ठरवताना अनवधान आणि हेतू यांत फरक करावा. पहिल्या अजाणत्या चुकीला पोस्ट काढायला सांगणे आणि समज देणे पुरते. चूक लपवण्यापेक्षा लगेच कळवणाऱ्याला सौम्य वागणूक मिळेल, असे लेखी आश्वासन दिले तर माणसे वेळेत सांगायला पुढे येतात. कारवाईचा निर्णय ज्या वरिष्ठावर टीका झाली त्याच्याच हाती कधीही नसावा.

ज्या संस्थांकडे असे धोरण आधीपासून आहे, त्यांनी ते नव्याने रुजू झालेल्या एखाद्या कर्मचाऱ्याला वाचायला द्यावे आणि मग कागद बाजूला ठेवून, उद्या पगाराविषयी, फोटोविषयी आणि साहेबांविषयी तो काय लिहू शकतो व काय नाही, हे त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. जेथे तो अडखळेल ते कलम त्याच्या मदतीने पुन्हा लिहावे.

आपली विश्वासू,
एक वाचक