टस्कनीला गाडी कशाला लागते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत इटलीतल्या टस्कनीवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, फोटो तर झकासच, पण त्यात एक वाक्य आहे की भाड्याची गाडी घेतल्याशिवाय हा भाग बघताच येत नाही, आणि ते वाचून माझा हातातला चहा गार झाला. कारण गेल्या सप्टेंबरात मी तिथं पाच दिवस फिरलो आणि एकदाही चारचाकीत बसलो नाही. सायकलवर. वय सत्तावन्न, गुडघा एक बरा एक तसाच, तासगाव तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग. लेखक वगैरे नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवेना.

झालं असं की पुतण्या मिलानला नोकरीला आहे. दरवर्षी म्हणायचा, काका या की एकदा, द्राक्षच बघायची ना, इथली बघा. आमचं कसं, एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मधे पाऊस आणि फवारण्या, निघायचं कधी? शेवटी फळछाटणीच्या आधीचे बारा दिवस काढले आणि गेलो. फ्लॉरेन्सहून सिएनाला ट्रेननं, तिथं दोन सायकली भाड्यानं घेतल्या. वयाचा मान म्हणून मी ई-बाईक घेतली, पोरानं साधी, जाड टायरची. पहिल्या चढावर तो मागं राहिला तेव्हा मला जो आनंद झाला तो लपवता आला नाही.

आता रस्त्यांबद्दल. सिएनाच्या आसपास डोंगराडोंगरांतून पांढऱ्या खडीमातीचे रस्ते आहेत, त्यांना तिकडं 'स्त्रादे ब्यांके' म्हणतात, म्हणजे सरळ पांढरे रस्तेच. त्यातले बरेचसे जोडून 209 किलोमीटरचा एक गोल मार्ग केलाय, वळणावळणावर तपकिरी पाट्या आहेत, मोबाईल खिशात ठेवला तरी चालतं. आम्ही तो सिएनाहून धरला, रादी, मुर्लो, बुओनकॉन्व्हेंतो, मग वर मोंताल्चिनो, तिथनं तोर्रेनिएरी, अशानो, कास्तेल्नुओव्हो बेरार्देंगा, गायोले, ब्रोलियोचा किल्ला आणि परत सिएना. रोजचे चाळीस-बेचाळीस किलोमीटर. ऐकायला काहीच नाही ना? पण सपाट म्हणून नाहीच, एक टेकडी उतरली की समोर दुसरी उभी, सगळे मिळून साडेतीन हजार मीटरच्या वर चढ होतो. बुओनकॉन्व्हेंतो ते मोंताल्चिनो एवढ्यातच चारशे मीटर वर जायचंय, तेही खडीवरून.

गाड्यांना बंदी आहे असं समजू नका. रस्ते सार्वजनिक आहेत, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर येतो, पोस्टाची गाडी येते, आणि आली की पांढरा धुरळा असा उठतो की तोंडात दाताखाली कचकच. पण एकेका पट्ट्यात तासतासभर कुणी भेटत नाही. मी आयुष्यभर रानात राहिलोय तरी इतकं शांत रान मी ऐकलं नव्हतं, कारण आमच्याकडं कुठं ना कुठं फवारणीचा ब्लोअर चालू असतोच. तिथं टायरखाली खडीचा आवाज, आणि थांबलो की तोही बंद. फक्त एक करा, सिएना-फ्लॉरेन्सच्या मोठ्या डांबरी रस्त्याला लागू नका, नकाशात तो कियांती या वाईनच्या पट्ट्याच्या मधोमध जाताना दिसतो आणि मोह होतो, पण तुमच्या लेखात सांगितलेल्या सगळ्या भाड्याच्या गाड्या तिथंच असतात.

या शांततेचं मला पहिले दोन दिवस नुसतं कौतुक वाटलं. तिसऱ्या रात्री ज्या शेतघरात उतरलो तिथल्या बाईंनी त्यातली खरी गोष्ट सांगितली (पुतण्या भाषांतर करत होता, अर्धं त्यानं गाळलं असणार). हे रस्ते पर्यटकांसाठी कुणी केलेले नाहीत. इथं जमीन मोठ्या मालकांची, कसणारी कुटुंबं अर्धेलीनं करायची, निम्मं पीक मालकाला. त्यांच्यात त्या पद्धतीला 'मेद्झाद्रिया' म्हणतात, त्या नावातच अर्धं आहे. प्रत्येक कुटुंबाचं घर त्याच्या त्याच्या टेकडीवर, म्हणून प्रत्येक घराला एक रस्ता. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक कंटाळून शहरात कारखान्यांत निघून गेले, 1964 साली सरकारनं असे नवीन करार करायलाच बंदी घातली, आणि टेकड्यांवर राहिली रिकामी घरं आणि त्यांच्याकडं जाणारे रस्ते. राहायलाच कुणी नाही तर डांबर मागणार कोण? बाईंचे आजोबा पण अर्धेलीनंच करायचे म्हणे. आता त्याच घरात आम्ही खोलीचे पैसे देऊन झोपलो.

मग पुढं त्या रस्त्यांवरही डांबर यायला लागलं तेव्हा सायकलवाले आडवे आले. जांकार्लो ब्रोच्ची नावाच्या माणसानं 1997 साली गायोलेहून जुन्या सायकलींची एक फेरी काढली, 'लेरोइका' नाव, पहिल्या वर्षी 92 जण होते, आता हजारोंनी येतात. ऑक्टोबरात असते, सायकल 1987 च्या आधीची लागते, गिअरचे खटके फ्रेमवर पाहिजेत, आणि वाटेत पाव वाईनमध्ये बुडवून वर साखर टाकून देतात. हेतू हाच की हे रस्ते असेच राहावेत. पुढं 2007 पासून व्यावसायिक लोकांची मोठी रेस पण तिथं सुरू झाली, टीव्हीवर दिसते ती, सिएनाच्या मोठ्या चौकात संपते. त्यामुळं आता पांढरा रस्ता हीच तिथली कमाई झालीय, डांबर टाकायला गेलात तर गावच विरोध करेल.

खरं सांगू का, हे ऐकून मला हसू पण आलं आणि थोडं टोचलं पण. आम्ही बागेकडच्या दीड किलोमीटरच्या डांबरीकरणासाठी तीन वर्षं निवेदनं दिलीत, एकदा उपोषणाला बसलो. कच्च्या रस्त्यानं खाऊच्या द्राक्षाच्या पेट्या नेल्या की मणी गळतात, आणि रस्त्याकडच्या ओळींवर धूळ बसली की व्यापारी दर पाडायला टपलेलाच. तिकडचं द्राक्ष वाईनसाठी चिरडायचंच असतं, त्याला धुळीचं आणि गचक्याचं तेवढं काय. त्यामुळं उद्या कुणी उठून म्हणेल तासगावचे रस्ते पण सायकलसाठी कच्चेच ठेवा, तर मी सगळ्यात आधी विरोध करेन, हे आत्ताच लिहून ठेवतो.

बागांबद्दल न लिहून कसं चालेल. मी सायकल दर अर्ध्या तासाला लावून ओळीत शिरायचो, पुतण्या वैतागायचा, काका चला, असं परवानगीशिवाय जाऊ नये. तिथलं मुख्य द्राक्ष सांजोवेझे, मणी आमच्या डोळ्याला कोवळा माल वाटेल एवढा लहान, आत बिया, पण गोडी अशी की ती मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरची गरज नाही. जमीन म्हणजे नुसता मुरूम, 'गालेस्त्रो' म्हणतात, हातात घेतला की पापुद्रे सुटतात. मी ज्या ज्या ओळीत शिरलो तिथं ड्रिप दिसली नाही! टँकरनं बाग जगवलेल्या माणसाला हे बघवत नाही. ओळीच्या टोकाला गुलाबाचं झाड, जुनी पद्धत आहे, भुरी रोग आधी गुलाबावर दिसतो म्हणतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उत्पन्नाला मर्यादा. वाईनला कियांती क्लासिको नाव लावायचं तर हेक्टरी साडेसात टनांच्या वर माल घ्यायचा नाही, म्हणजे एकरी तीन टन. आम्ही एकरी दहा टन काढून तोट्यात. वर मोंताल्चिनोची ब्रुनेल्लो वाईन तर द्राक्ष काढल्यापासून पाचव्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत विकायलाच काढत नाहीत. पाचवं वर्ष! आमच्याकडं व्यापारी पाच आठवड्यांचं उधार सांगून जातो आणि मग त्याचा फोन लागत नाही.

हे सगळं गाडीतनं दिसलं असतं का? गाडी शंभर मीटरला थांबत नाही, आणि थांबायला जागाही नसते.

फजिती पण सांगतो, नाहीतर वाटेल थापा मारतोय. चौथ्या दिवशी अशानोच्या पुढं मोन्ते सान्ते मारिए म्हणून साडेअकरा किलोमीटरचा पांढरा पट्टा आहे, ती व्यावसायिकांची रेस तीनदा जिंकलेल्या स्विस सायकलपटू कान्चेल्लाराच्या नावानं तो ओळखतात. आजूबाजूला द्राक्ष संपतं, नुसत्या करड्या मातीच्या उघड्या टेकड्या, सावलीला झाड नाही. आदल्या रात्री मी बॅटरी चार्जिंगला लावली आणि बटण दाबायचं विसरलो. बरोबर मधल्या चढाला ती मेली. मेलेली ई-बाईक म्हणजे पंचवीस किलोचं वासरू, पुढं ओढलं की मागं बसतं. मी ढकलतोय, पुतण्या शेजारून हळूहळू पायडल मारत विचारतोय, काका, आनंद लपवू का? उताराला पुढचा ब्रेक दाबला आणि खडीवरून असा घसरलो की कोपर सोलून निघालं. तेव्हा जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, खडीवर पुढचा ब्रेक जपून, वळणाच्या आधीच वेग कमी करा. आणि दमलात तर बुओनकॉन्व्हेंतो आणि अशानो दोन्हीकडं रेल्वे स्टेशन आहे, लोकल गाडीत सायकलचं वेगळं तिकीट काढलं की झालं.

अजून दोनचार गोष्टी. दुपारी एकच्या पुढं गावातली दुकानं बंद होतात ती चारपर्यंत, तेव्हा पाव आणि चीज सकाळीच घ्या. पाव अळणी असतो, मीठ विसरलेत असं वाटून मी पहिल्या दिवशी परत करायला निघालो होतो, पण तिकडं असाच करतात. गावाच्या नळावर पाणी भरून घ्या, मधे काही मिळत नाही. वाईन संध्याकाळी, सायकल लावल्यावर, कारण दारू पिऊन चालवल्याचा कायदा तिथं सायकलला पण लागू आहे आणि त्याहून मोठा कायदा म्हणजे ते उतार. राहायला 'अग्रितुरिज्मो' बघा, म्हणजे शेतकऱ्याच्या घरी. 1985 साली त्यांनी कायदाच केलाय की खोल्या द्या पण शेती हा मुख्य धंदा राहिला पाहिजे. तुमच्या लेखात त्याला 'रिसॉर्ट' म्हटलंय, ते नाही.

तेव्हा संपादक साहेब, एवढी दुरुस्ती छापा की गाडी सक्तीची नाही. आणि जाता जाता, पुरवणीच्या तिसऱ्या पानावर मोठ्या फोटोखाली 'टस्कनीच्या रम्य द्राक्षबागा' असं आलंय. ती ऑलिव्हची झाडं आहेत.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली