चावीचे तुकडे आणि गुपिताचे हिस्से

संपादक महोदय,

स. न. वि. वि. महत्त्वाच्या डिजिटल चावीचे, म्हणजे गुप्त माहिती उघडणाऱ्या संकेतांकाचे, तुकडे करून ते तीन-चार जबाबदार व्यक्तींकडे ठेवावेत आणि त्या गटातील सदस्याची ओळखही त्याच्या हिश्शावरून पटवावी, असा सल्ला हल्ली सर्रास वाचायला मिळतो. हेतू चांगला आहे, पण ‘तुकडे’ हा शब्दच घात करतो. १२ अंकी संकेतांक चार-चार अंकांत तोडून तिघांना दिला आणि त्यांतले दोघे फितूर झाले, तर उरलेल्या अंकांसाठी त्यांना फार तर १०,००० प्रयत्न करावे लागतील. संगणकाला ते करायला क्षणही लागत नाही.

आदी शामीर आणि जॉर्ज ब्लॅकली या संशोधकांनी १९७९ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलेले गुपित-वाटप, म्हणजे ठरावीक जण जमले तरच गुपित उलगडेल अशी हिस्सेवाटणी, याहून मुळातच वेगळे आहे. शामीर यांच्या पद्धतीचे छोटे उदाहरण घेऊ. गुपित ७ आहे. त्यात यदृच्छेने निवडलेल्या ४ या आकड्याची एकपट, दुप्पट आणि तिप्पट मिळवून प्रत्येक बेरजेला १३ ने भागले, तर बाकी अनुक्रमे ११, २ आणि ६ उरते. हे तिघांचे हिस्से. कोणतेही दोघे एकत्र आले की ७ परत मिळतो. एकट्या ११ वाल्याला मात्र ० ते १२ हे सगळेच आकडे सारखेच संभाव्य दिसतात. कितीही वेगवान संगणक आणला तरी त्याचे काही चालत नाही, कारण शोधून काढावे असे त्या एका हिश्शात काहीच नसते.

किती जण जमल्यावर गुपित उघडावे, हा आकडा ठरवणेही तितकेच नाजूक. गूढलेखनशास्त्राच्या (माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवण्याच्या विद्येच्या) आंतरराष्ट्रीय संशोधक संघटनेने २०२५ च्या निवडणुकीत निकाल उघडणाऱ्या चावीचे हिस्से सांभाळणाऱ्या तिन्ही विश्वस्तांचे हिस्से अनिवार्य ठेवले, एकाने आपला हिस्सा हरवला, आणि निकाल उघडताच न आल्याने मतदान पुन्हा घ्यावे लागले. या विद्येच्या पंडितांचीच ही गत! फेरमतदानात तिघांपैकी दोन हिस्से पुरेसे मानले गेले.

माझा खरा आक्षेप मात्र त्या सल्ल्यातल्या ‘गटातील सदस्याची ओळख त्याच्या हिश्शावरून पटवावी’ या सूचनेला आहे. ओळखीसाठी हिस्सा दाखवणे म्हणजे तो देऊन टाकणे. शिवाय सगळे जमून हिस्से सांगू लागले, की जो सर्वांत शेवटी बोलेल, तो इतरांचे हिस्से ऐकून स्वतःचा खोटा सांगेल, म्हणजे गुपित त्याला एकट्याला कळेल आणि बाकीचे चुकीचे उत्तर घेऊन बसतील. हिस्सा खरा आहे की नाही हे तो न उघडता पडताळण्याची पद्धत पॉल फेल्डमन यांनी १९८७ मध्ये दिली, तर डेव्हिड चाउम आणि युजीन व्हॅन हाइस्ट यांच्या १९९१ च्या समूह-स्वाक्षरीत सही गटातल्या कोणाची तरी आहे एवढेच बाहेरच्याला कळते. नेमकी कोणाची, हे वाद उद्भवल्यास शोधता येते. तेव्हा ‘आमची चावी अनेकांकडे विभागलेली आहे’ असे सांगणाऱ्या संस्थेला, किती हिस्से पुरतात, ते पडताळले कसे जातात आणि जोडलेली चावी शेवटी कोणाच्या संगणकावर अखंड उभी राहते, हे तीन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी आवर्जून विचारावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक