पाच पायऱ्यांचा अडसर

नाशिकमध्ये नुकताच स्नायूविकार असलेल्यांचा मेळावा झाला. माझा १४ वर्षांचा मुलगा ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या आजारामुळे व्हीलचेअरवर असतो. सभागृहाच्या दाराशी पाच पायऱ्या! चौघांनी खुर्चीसकट उचललं तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. आत मात्र पोर खुललं. सिन्नरहून आलेल्या एका दादाने त्याला कोपर उशीवर टेकवून घास तोंडापर्यंत कसा न्यायचा, ते शिकवलं. दवाखान्यात हे कोण सांगतं?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार आहे. सिंहस्थाची कामं चालू आहेतच, तर महापालिकेने सभागृहांना रॅम्प आणि रुंद दाराची स्वच्छतागृहंही करून द्यावीत.

– एक आई, इंदिरानगर, नाशिक