मासळीची गाडी आणि अंड्यांची गाडी

ओतूर,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सागर यास आईचे अनेक आशीर्वाद.

टोमॅटो वाहायला कुठली जुनी पिकअप घ्यायची, हे काल फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. तू मधेच बोलतोस, मी काय सांगत होते ते विसरते, आणि शेजारून अण्णा ओरडतात ते तिसरंच. म्हणून लिहायला बसले. कागदावर मला कोणी अडवत नाही.

दोन्ही गाड्यांचे फोटो पाहिले. बोलेरो पिकअप, २०१८ ची, एमएच-०८, चार लाख साठ. टाटा योद्धा, २०१९ ची, एमएच-१५, चार लाख पंच्याऐंशी. बोलेरो नव्या नवरीसारखी नटवलेली, योद्धाचा डावा गाल चेपलेला. तुझं मन कुठे गेलंय ते तू न सांगताच कळलं. बोलेरोचे अकरा फोटो पाठवलेस आणि योद्धाचे दोन. अण्णा योद्धा घे म्हणतात, पण त्यांचं धरू नकोस. ते टाटाच्या ४०७ वर गाडी शिकले, तेव्हापासून दुसऱ्या कुठल्या गाडीला गाडी म्हणतच नाहीत.

मी कंपनीवरून भांडणार नाही. बोलेरोचा पार्ट आळेफाट्याला कुठेही मिळतो, तिचा मिस्त्री गावोगाव आहे आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात येतं. सगळं मान्य. पण जुनी गाडी घेताना कंपनी मागाहून बघायची. आधी विचारायचं, बाई, इतकी वर्षं पाठीवर काय वाहिलंस?

ते तू विचारलंस का? सातवा फोटो मोठा करून बघ. हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात, फाळक्याजवळ, पाणी निघून जायला दोन भोकं पाडलेली आहेत. रत्नागिरीची गाडी आणि हौद्याला भोकं, म्हणजे मासळी. बर्फ वितळतो, त्यात मासळीचं खारं पाणी मिसळतं आणि ते रात्रभर खाली चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, टपटपतं. असं सात वर्षं. एजंटाने वरून काळा रंग मारला की बघणाऱ्याला चकचकीत दिसतं, पण खार बसतो तो जोडांच्या आत, जिथे ब्रश पोचत नाही. गाडी वाईट म्हणून नाही रे. कुठलीही गाडी मासळीला लावली की तिचं हेच होतं.

योद्धाच्या मालकाला अण्णांनी फोन केला होता. तो पहिल्यापासून अंडी वाहतो. मला हे ऐकूनच बरं वाटलं. अंडीवाला खड्डा बघून गाडी उडवत नाही, कारण एक खड्डा म्हणजे त्याचे चार ट्रे. खालचे ट्रे चेपतील म्हणून थरही मोजकेच लावतो. आणि चेपलेल्या गालाचं म्हणशील तर तो पोल्ट्रीच्या फाटकाला घासलाय म्हणे. पत्रा सरळ होतो.

तुला आपली पहिली पिकअप आठवत नसेल, तू तीन वर्षांचा होतास. कांद्याच्या दिवसांत जास्त माल बसावा म्हणून अण्णांनी मागच्या स्प्रिंगांत एक-एक जादा पाटा, म्हणजे लोखंडी पट्टी, घातली. पाटे दबले नाहीत, गाडी मस्त उभी राहायची, अण्णा खूश. पुढच्या श्रावणात माळशेज उतरताना चेसिसला चीर गेली. वहीत लिहिलेलं आहे, वेल्डिंग आणि मजुरी अकरा हजार, शिवाय दोन दिवस घाटात अर्धा माल नासला तो वेगळा. पाटा वाढवला तरी चेसिस तीच राहते, हे तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नाही. मी सांगितलं होतं, पण माझं कोण ऐकतं.

म्हणून आधी गाडीखाली जा. जुनी चादर घेऊन जा, लाजू नकोस. पाटे मोज. दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, एखादा बाकीच्यांपेक्षा नवा दिसतोय का, की सगळे सपाट होऊन बसलेत? चेसिसवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द. वेल्डिंगचे डाग दिसले तर ते का केलं ते विचार, आणि सांगताना मालक कुठे बघतो ते बघ.

इंजिन थंड असतानाच बघायचं. जाशील तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर त्याने तू यायच्या आत चालू करून ठेवलीय, म्हणजे सकाळी पहिल्या सेल्फला ती कशी उठते ते तुला कळू द्यायचं नाही. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण काढ. तिथून भकाभका धूर यायला लागला तर इंजिनाचं काम जवळ आलंय. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. मीटरवरचे किलोमीटर बघूच नकोस, ते मागे फिरवता येतात. पॅडलचं रबर किती झिजलंय ते बघ. क्लचसाठी अण्णांची युक्ती आहे. हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. गाडी लगेच बंद पडली तर प्लेट चांगली. नुसती घुरघुरत राहिली तर खर्च धर.

कागदांचं माझ्याकडे. योद्धावर अजून फायनान्सचा बोजा आहे असं मालक स्वतःच म्हणाला, ते मला आवडलं. पण सगळे पैसे त्याच्या हातात द्यायचे नाहीत. कर्जाची बाकी आपण सरळ फायनान्सच्या खात्यात भरायची, त्यांची एनओसी आणि बोजा उतरवायचा सहीचा फॉर्म ३५ घ्यायचा आणि मगच उरलेली रक्कम त्याला. गाडी आपल्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या त्याच दिवशी. नाव बदलायला आपल्याला तीस दिवस असतात, ते आळसात घालवू नकोस. त्याच्या नावावरची गाडी तू चालवतोस आणि काही झालं तर दोघंही अडकता. दंडाची जुनी चलनं थकलीत का तेही आधी बघून घे. बोलेरो २०१९ च्या एप्रिलआधीची असल्याने तिची नवी सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) बसवलीय का ते बघावं लागेल, आणि पुढच्या वर्षी ती आठ वर्षांची झाली की तिची आरटीओची फिटनेस तपासणी दरवर्षी. योद्धाला त्याला अजून अवकाश आहे. धुराच्या नियमात दोन्ही बीएस-फोर, तेव्हा त्यात फरक नाही.

आरसीवर एकूण वजन तीन हजार किलोंच्या वर असेल तर परमिटही बघायचं. तुझं लायसन मात्र चालेल. साडेसात टनांच्या आतल्या मालगाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन, पुरतं, सुप्रीम कोर्टाने गेल्या वर्षी ६ नोव्हेंबरला ते पक्कं केलं.

आता हिशेब, ज्यावरून तू माझ्यावर चिडलास. आरसीतल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा कर, उरेल तेवढाच माल. समज दीड टन उरला. टोमॅटोचं क्रेट वीस किलोचं, प्लास्टिकचं वजन धरून बावीस. म्हणजे अडुसष्ट क्रेट. नारायणगावचा व्यापारी तुला सांगणार, नव्वद टाक, सगळे टाकतात. नव्वद म्हणजे जवळजवळ दोन टन. पकडलास तर कायद्यातला दंड वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. वाशीच्या एका खेपेत तुझ्या हातात काय उरतं ते मी वहीत मांडून ठेवलंय, ये आणि बघ. अडुसष्टमध्ये परवडत नसेल तर हा धंदा पिकअपचा नाही, आयशर ट्रकचा आहे, आणि आयशर आपल्याला परवडत नाही. छोटा हत्ती घ्यावा तर पाऊण टनासाठी माळशेज उतरायचा. म्हणून हीच मधली गाडी, पण अडुसष्टच.

चाकणची नोकरी सोडलीस म्हणून मी रागावलेले नाही. अण्णा आहेत, पण ते गाडी बघायला यायला उत्सुकही आहेत, सकाळपासून दोनदा चष्मा पुसून झाला.

रविवारी पहाटे साडेपाचला निघू, नाशिकला नऊच्या आत पोचू. योद्धावाल्याला सांगून ठेव, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. बोलेरोवाल्याला अजून नाही म्हणू नकोस, पण इसारही देऊ नकोस. दिला असशील तर आत्ताच सांग, अण्णांना कळायच्या आत.

तुझी,
आई

ता. क. चादर मी आणते. तू नवी घेऊन येशील.