टायरचा आवाज किती, तो आकडा गिऱ्हाइकाला कळू द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात नव्या गाड्यांचं कौतुक नेहमी येते, पण घरच्या जुन्या गाडीला टायर टाकायचे झाले तर कोणते टाकावे याबद्दल कोणी एक ओळ लिहत नाही, अन् खेड्यातल्या माणसाला खरी गरज त्याचीच राहते. आमच्या तालुक्याच्या दुकानात विचारलं, भाऊ, आवाज कमी अन् गचके कमी असा टायर कोणता, तर म्हणे "कंपनीचा हाय ना, सगळे सारखेच राहतात, मायलेज पाहा." स्कीम सांगते, वॉरंटी सांगते, आवाजाचं काढलं की नुसता पाहून राहते.

बरं, नियम नाही असं थोडीच आहे. केंद्र सरकारनं २०२२ मध्येच ठरवलं की टायर चालताना आवाज किती करावा अन् ओल्या रस्त्यावर पकड किती पाहिजे, अन् आवाजाची मर्यादा जुन्या डिझाइनच्या टायरलाही जून २०२३ पासून लागू झाली. म्हणजे आकडा मोजलेला आहे, कंपनीच्या फायलीत पडलेला आहे, फक्त पैसे मोजणाऱ्याला माहीत नाही! युरोपात टायरच्या लेबलवर डेसिबल छापून येते. आपल्याकडचं बीईईचं (ऊर्जा बचत पाहणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं) स्टार लेबल इंधन वाचवण्याचं, त्यात आवाज नाही. युरोपातला आकडाही गाडीच्या बाहेर मोजलेला राहते, आत बसणाऱ्याच्या कानाला काय येते ते वेगळं, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

आमच्याइकडे हा शौकाचा विषय नाही. समृद्धी महामार्ग सिमेंटचा, कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा, अन् सिमेंटवर पाणी निघावं म्हणून बारीक रेघा ओढलेल्या राहतात त्यावर टायर सारखा घूंऽऽ करते, मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागते. तीच गाडी अमरावती-अकोला डांबरी रोडवर गप चालते. अन् फाट्यावरून गावाकडे वळलं की गिट्टी.

म्हणून घेताना नक्षी पाहा. जीपसारखा दिसते म्हणून बटन टायर टाकू नका, मोठ्या ठोकळ्यांच्या फटीत हवा दबते अन् सुटते, आवाज तिथंच होते. मधे सलग पट्टे असलेला हायवेचा टायर बरा. अन् पोरं मोठे अलॉय व्हील टाकून पातळ टायर मागतात ते तर बिलकुल नाही, टायरच्या साइजमध्ये १८५/६५ लिहिलेलं राहते, त्यातला ६५ म्हणजे बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के उंच, गचका तीच खाते, ती कमी केली की खड्डा सरळ कंबरेत. पण नुसता मऊ पाहूनही घेऊ नका, पांदणीत गिट्टीनं साइडवॉल फाटली तर पंक्चरवालाही हात जोडते. लोड इंडेक्सचा, म्हणजे टायर किती वजन पेलते त्याचा, आकडा कंपनीनं दिला त्यापेक्षा कमी नको, लग्नसराईत आपण गाडीत किती जण कोंबतो ते आपल्याला माहीत आहे. बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे राहतात, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, ते पाहिल्याशिवाय पैसे काढू नका, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये भाजत पडलेला जुना माल बाहेरून नवाच दिसते. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला, बिलात तेही पाहून घ्या.

अन् टायर बदलायच्या आधी जुन्या टायरवरून तळहात फिरवा, एका बाजूनं गुळगुळीत अन् उलटा फिरवला की करवतीसारखा लागला तर झीज वाकडी झालेली आहे, आवाज त्याचाच, अलाइनमेंट पाहायला सांगा. रस्ता बदलला तरी आवाज तोच, पण वळणावर कमी-जास्त होते, तर बहुतेक बेअरिंग गेलं, तिथं महागडे टायर टाकून काही होत नाही.

रस्ते वाहतूक खात्याचे मंत्री आपल्याच नागपूरचे आहेत, त्यांनी टायरच्या चिठ्ठीवर आवाजाचा आकडा मराठीत छापायला लावावा, एवढंच मागणं आहे. तोवर आपल्या पेपरानं निदान जास्त खपणाऱ्या साइजचे आकडे कंपन्यांकडून मागवून छापावे, आम्हाला दुकानदार सांगत नाही, पेपरला नाही म्हणणं त्यांना जड जाईल.

आपला एक वाचक,
दारव्हा, जि. यवतमाळ